रक्तातली खोटी साक्ष

१

शनिवारी सकाळी सव्वानऊला हॉस्पिटलच्या लॅबमधून जो रिपोर्ट छापून बाहेर आला, त्यावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. तरीही त्याच आकड्यांवर विसंबून एकोणीस वर्षांच्या एका मुलीला सगळे मिळून मरणाच्या दारात ढकलत होते. हे अजून कोणाच्या गावीही नव्हतं.

शंका आली ती एका बाईला. तिला शंका येणं यात नवल काहीच नाही म्हणा; तिला भाजी चाखून झाल्यावरसुद्धा मीठ घातलंय की नाही याची शंका यायची. अख्खं हॉस्पिटल तिला शंकाबाई म्हणायचं, तोंडावर नव्हे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने की तिला ऐकू जायचंच. तीस वर्षं रक्ताच्या नळ्यांशी संसार केलेली बाई. गुडघे कुरकुरत होते, डोकं मात्र शाबूत होतं.

रिपोर्ट हृदयाच्या वॉर्डातल्या चार नंबरच्या खाटेचा. मुलगी धावपटू, आपल्या क्लबच्या संघाची कप्तान. शुक्रवारी छातीत दुखतंय म्हणून आली आणि दारातच चक्कर येऊन पडली. हृदयाला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. तो चौदाच्या आत हवा, हिचा होता चौसष्ट. हृदयाचे डॉक्टर साहजिकच म्हणाले, हृदयाला सूज आहे, आणि तसं असेल तर पळणं जन्मभर बंद. क्लबला द्यायचा कागदही टाइप करून ठेवला होता. फक्त सही बाकी होती.

पण शंकाबाई तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघत बसली. काल दुपारी बासष्ट, रात्री सहासष्ट, आज चौसष्ट. हृदयाला घाव बसला तर हा आकडा चढतो आणि मग उतरतो. हा बेटा जागचा हलायला तयार नव्हता. त्याच्या खाली दुसरा आकडा, सी.के.एम.बी.चा. तोही हृदयाचाच साक्षीदार समजला जातो. पाचाच्या आसपास असायचा, तो नऊशेवर गेला होता. नऊशे खरे मानायचे तर ही पोर कालच गेली असती, आणि मग ट्रोपोनिन हजारात हवा होता. एक साक्षीदार कुजबुजतोय आणि दुसरा बोंब मारतोय, असं एकाच गुन्ह्याबद्दल होत नाही.

तिने लघवीचा रिपोर्ट काढला. तपासणीच्या कागदी पट्टीवर रक्त भरपूर, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र रक्ताची पेशी औषधालाही नाही. शेजारी कोणीतरी पेन्सिलने ‘पाळी चालू असेल’ असं लिहून मोकळं झालेलं. आणि सगळ्यात खाली किडनीचा आकडा, क्रिएटिनिन. काल एक पूर्णांक दोन, आज दोन पूर्णांक सहा.

शंकाबाईने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. हृदयाच्या गडबडीत या मुलीच्या किडन्या बंद पडत चालल्या होत्या, आणि तिकडे कोणी बघतच नव्हतं.

२

लॅबच्या माणसाने वॉर्डात जायचं नसतं, असा एक अलिखित नियम आहे. शंकाबाई तो वर्षातून दोन-तीनदा मोडायची. जाताना तिने आपल्या माणसाला सांगून ठेवलं, की सकाळच्या नळीत उरलेल्या रक्तावर नुसता सी.के. लाव, सगळ्या स्नायूंचा मिळून जो असतो तो. हृदयाच्या वॉर्डातून ही तपासणी कधी मागवलीच जात नव्हती. त्यांच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, ट्रोपोनिन आणि सी.के.एम.बी., आणि डॉक्टर लोक वर्षानुवर्षं त्या दोनांवरच टिक करत आले होते.

चार नंबरच्या खाटेवर कप्तान उशीला टेकून बसली होती. उंच, काटक, ओठ सुकलेले. घट्ट, नेटकी वेणी घातलेली. उशाशी तिची आई. खाटेच्या पायाशी पाटी: पाणी दिवसाला पाऊण लिटर, त्याहून जास्त नाही. हात सुजलेत, म्हणजे हृदयाला पाणी झेपत नाहीये, असा डॉक्टरांनी अर्थ लावला होता.

शंकाबाईने केसपेपर उघडला. पहिल्या पानावरचा मजकूर दाखल होताना पेशंटने किंवा नातेवाइकांनी भरायचा असतो; हा काल, शुक्रवारी भरलेला. गेल्या आठवड्यात काही जास्तीचे श्रम? ‘नाही. नडगीच्या हाडाला चीर, सहा आठवडे पूर्ण विश्रांती.’ हातांना सूज कधीपासून? ‘आज सकाळपासून.’ घरात कोणाला हृदयविकार? ‘वडील. धावण्याच्या शर्यतीत गेले. वय एकेचाळीस.’ ही शेवटची ओळ लिहिताना पेन इतकं दाबलं होतं की मागच्या पानावर उमटलं होतं.

तिने मुलीच्या पायांवरून हात फिरवला. पोटऱ्या, मांड्या, सगळं मऊ. मग दंडाला हात लावला आणि मुलीने श्वास आत ओढला. दंड फुगून दगड झाले होते. कोपर सरळ करायला सांगितलं, तर दोन्ही हात अर्ध्यावरच अडकले. छातीवर, काखेच्या पुढच्या बाजूला नुसतं बोट टेकवलं तरी ती कळवळली.

“छातीत दुखतं म्हणालीस, ते इथेच का गं?” शंकाबाईने विचारलं.

मुलीने मान डोलावली आणि आईकडे पाहिलं. दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. आई चटकन म्हणाली की गरम पातेलं उचलताना भाजलं. शंकाबाईने न विचारताच एक पट्टी वर केली. चार बोटांच्या मुळाशी एका ओळीत चार फोड, फुटून सुकायला लागलेले. अंगठा मात्र अगदी स्वच्छ. अंगठ्याला चटका न लावता भाजणारं पातेलं शंकाबाईने आजवर पाहिलं नव्हतं.

तिने पट्टी पुन्हा नीट लावली आणि सहज बोलावं तसं वेणीचं कौतुक केलं. आईचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाली, गुरुवारी सकाळपासून मीच घालते, हिला हात वर करवत नाहीत ना.

गुरुवारी सकाळपासून. आणि कागदावर मात्र शुक्रवार. आई जरा बाहेर गेली तेव्हा शंकाबाईने मुलीला हातांचं विचारलं, तर ती भिंतीकडे बघत म्हणाली, “हातांचं माझं मी बघेन, मावशी. मला फक्त सांगा, मी परत पळणार का?”

दाराबाहेर सिस्टर उभी होती. ती हळूच म्हणाली, की क्लबचे सर काल रात्रीपासून खाली बसलेत, आणि आईने ताकीद दिली आहे की त्यांना वर येऊ द्यायचं नाही.

३

सर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. पन्नाशीचा, रापलेला माणूस. एरवी मैदानभर ज्यांचा आवाज घुमतो ते आज खालच्या आवाजात बोलत होते. शंकाबाईला सगळ्यात आधी संशय यांचाच होता, आणि तो लपवायची तिला सवय नव्हती. पोरींना पिळून काढणारे प्रशिक्षक तिने पुष्कळ पाहिले होते.

सर म्हणाले, सहा आठवड्यांत मी तिला मैदानावर पाऊल टाकू दिलं नाही. ती सोमवारी परत येणार होती. पळवलंच नाही, तर तिला काय होणार माझ्यामुळे? ते खोटं बोलत नसावेत, कारण पाय त्यांच्या बाजूने साक्ष देत होते. मग शंकाबाईने फोडांचं सांगितलं. चार बोटांच्या मुळाशी, एका रेषेत, दोन्ही हातांना.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी स्वतःचे तळहात उलगडून पाहिले. मग एकेक वाक्य ओढून काढल्यासारखे बोलले. त्यांनी क्लब हातात घेतला तेव्हा एक रीत पाडली होती. जितके दिवस गैरहजर, तितकी भरपाई. दर दिवसाला दहा वेळा लोखंडी दांड्याला लटकून हनुवटी वर न्यायची, आणि ती पुरी केल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. आजारी होती, पाय मोडला होता, सबब चालायची नाही. मग एका मुलीचा खांदा निखळला. क्लबने सरांना लेखी बजावलं, की पुन्हा असं काही घडलं तर नोकरी जाईल. त्याच दिवशी त्यांनी स्वतः तो दांडा कापून टाकला.

“दांडा कापला,” सर म्हणाले, “पण पोरींनी रीत सोडली नसणार. आणि त्यांचा नियमच आहे, भरपाई करणारीने कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर माझी नोकरी जाते ना. अहो, ती मला वाचवतेय.”

शंकाबाईने मनातल्या मनात हिशेब केला. सहा आठवडे, रविवार सोडून छत्तीस दिवस. दिवसाला दहा. तीनशे साठ. आणि सहा आठवडे अंथरुणात पडून ढिल्या झालेल्या हातांनी, एका दमात.

तिने सरांना विचारलं, हे वर येऊन डॉक्टरांना सांगाल? सर उठले. म्हणाले, सांगतो, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लॅबमधला माणूस होता. घाबऱ्या आवाजात म्हणाला, मशीन आकडाच देत नाहीये, मोजमापाच्या वर गेलंय म्हणतंय.

४

रक्त वीसपट पातळ करून पुन्हा लावलं तेव्हा कुठे आकडा आला. ब्याण्णव हजार. साधारण माणसाचा दीडशे-दोनशे असतो.

ब्याण्णव हजारांत नऊशे. म्हणजे शंभरात जेमतेम एक. हृदयाला घाव बसला असता तर हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. शंभरात एक हे हातापायांच्या स्नायूंचं लक्षण. स्नायू इतके भरडले गेले, की त्यांच्यात असणारा चिमूटभर सी.के.एम.बी.सुद्धा नऊशे झाला. लघवीत रक्त नव्हतंच. स्नायूंचा लाल रंग पाझरत होता, आणि तोच किडनीच्या जाळ्यांत अडकत होता. ट्रोपोनिनचं राहिलं. तो दोन जातींचा असतो, आणि या हॉस्पिटलात मोजतात ती जात स्नायू फुटल्यावरही कधीकधी वर जाते. दुसरी जात हृदयाशी जास्त इमान राखून असते, पण ती मोजायची सोय शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात होती. शंकाबाईने उरलेलं रक्त तिकडे रवाना केलं. उत्तर चारला मिळणार होतं, आणि आता बारा वाजले होते.

हृदयाचे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, आकडे स्वतः ताडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. फक्त एक प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो रास्त होता. स्नायू फुटले असतील तर तिला आत्ताच्या आत्ता धो धो सलाईन हवं, तासाला अर्धा लिटर. पण हृदयालाही सूज असेल तर तेच पाणी फुप्फुसांत भरेल आणि ती बुडून मरेल. वडील हृदयाने गेलेले, आणि कागदावर तर श्रम शून्य. काहीही न करता स्नायूंचा आकडा ब्याण्णव हजार होत नाही. मग औषध घेतलं का? बंदी असलेलं काही?

“सरांचा अंदाज मी ऐकला,” डॉक्टर म्हणाले. “पण अंदाजावर नळ उघडत नाही मी. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आणा, किंवा चारपर्यंत थांबा.”

त्यांनी जरा वाढवून ठिबक सुरू केलं खरं, पण ते भीत भीत. सिस्टरने सांगितलं, की सकाळी आठपासून मुलीला लघवी झालेली नाही. चारपर्यंत थांबायला त्या किडन्यांना वेळ नव्हता. शंकाबाई पुन्हा चार नंबरच्या खाटेपाशी गेली, आणि मुलीच्या आईला म्हणाली की जरा बाहेर या.

५

व्हरांड्याच्या टोकाला एक बाकडं होतं. दोघी बसल्या. शंकाबाईने आवाज चढवला नाही. ती फक्त एकेक गोष्ट सांगत गेली.

गुरुवारी सकाळपासून तुम्ही वेणी घालताय, आणि लिहिताना सूज शुक्रवारपासून लिहिलीत. पट्ट्या तुम्हीच बांधल्यात, म्हणजे फोड तुम्ही पाहिलेत. अंगठा न भाजता पातेलं उचलता येत नाही, हे घर चालवणाऱ्या बाईला मी काय सांगायचं? पोरीला पेन धरवत नव्हतं, म्हणून तो कागद तुम्ही भरलात. तिने खोटं लिहिलं नाही, सरांनी लिहिलं नाही. लिहिलंय तुमच्याच हाताने.

आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती रडली नाही. म्हणाली, “तुम्हाला मूल आहे?”

शंकाबाई म्हणाली, नाही.

“मग राहू दे ना तो रिपोर्ट आहे तसा. तुमचं काय जातंय? हृदयाला सूज आहे म्हणा. ती जगेल, अभ्यास करेल, लग्न करेल, नाही केलं तरी चालेल. फक्त पळणार नाही. यांना मैदानावरून उचलून आणलं तेव्हा पायात बूट तसेच होते. ते बूट मी काढलेत. मी तिला हजार वेळा सांगितलं, पाया पडले. ऐकत नाही. मग डॉक्टरच म्हणाले हृदयाला सूज आहे. मी नाही म्हटलं, त्यांनीच म्हटलं. मी फक्त गप्प बसले.”

शंकाबाईला तिची कीव आली, आणि रागही आला, दोन्ही एकदमच. या बाईला काय होतंय याची कल्पनाच नव्हती. तिला वाटत होतं, आपण एक निरुपद्रवी खोटं बोललोय.

“बाई,” शंकाबाई म्हणाली, “तुम्ही गप्प बसलात म्हणून तिला पाणी मोजून देतायत. तिच्या हातांचे स्नायू फुटलेत आणि त्यांचं विष किडनीत अडकलंय. ते धुवायला पाणीच लागतं. सकाळपासून तिला लघवी झालेली नाही. हृदय धडधाकट आहे तिचं. तुम्ही ज्याला घाबरताय त्याने ती मरणार नाही, या कागदाने मरेल.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, पण शंकाबाईकडे न बघता थेट डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली, मग धावलीच. दार न वाजवता आत शिरली आणि उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली. बुधवार, दुपार, गॅलरीतली झोपाळ्याची लोखंडी दांडी. मुलीला वाटलं आई झोपली आहे. आई स्वयंपाकघरात जागी होती.

डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि दोन्ही हातांना सलाईन लावायला सांगितलं.

६

चार वाजता दुसऱ्या हॉस्पिटलचा फोन आला. हृदयाशी इमान राखणाऱ्या ट्रोपोनिनने हृदयाला कसलीही इजा नसल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी टाइप केलेला कागद टराटरा फाडला. मग ते शंकाबाईला म्हणाले की आजपासून माझ्या वॉर्डाच्या फॉर्मवर तिसरा चौकोन छापून घ्या.

पण किडन्यांना उशीर झालाच होता. शनिवारी रात्री आणि रविवारी, दोनदा डायलिसिस करावं लागलं. सर त्याच रविवारी क्लबला सगळं लिहून देऊन आले आणि घरी बसले. सोमवारी दुपारी मुलीला थोडी लघवी झाली, चहाच्या रंगाची, आणि सिस्टरने ते भांडं असं मिरवत नेलं की शेजारच्या खाटांवरचे पेशंटही हसले.

शंकाबाई संध्याकाळी वर गेली. डॉक्टर मुलीला सांगत होते, की हृदय ठणठणीत आहे, तीन-चार महिन्यांनी हळूहळू पळायला हरकत नाही. मुलीने डोळे मिटून घेतले आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. डॉक्टर निघून गेल्यावर तिने विचारलं, मग आधी सूज आहे असं का वाटलं सगळ्यांना? कागदावर श्रम नाहीत असं कोणी लिहिलं?

शंकाबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच उशाशी बसलेली आई म्हणाली, “मी लिहिलं.”

मुलगी आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येताना दिसत होता, पण त्याच्या आधी काहीतरी दुसरंच आलं.

“म्हणजे तू जागी होतीस बुधवारी.”

“हो. दांडी करकरायची. प्रत्येक वेळेला एकदा. मी मोजत होते.”

“मग थांबवलं का नाहीस, आई?”

आईने आपला पदर बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला. “वाटलं, दमशील. दमलीस की सोडशील. शंभरावर सोडशील, दोनशेवर सोडशील. तीनशे एक्केचाळीसपर्यंत मोजलं.”

“मी तीनशे साठ केले.”

“असतील,” आई म्हणाली. “त्यानंतर मी कानांवर हात ठेवून बसले होते.”

शंकाबाई दार हळूच ओढून घेऊन बाहेर आली आणि गुडघे सांभाळत जिना उतरायला लागली.